व्हर्च्युअल इंटरफेस काढला अन् नेट गेलं: हरवलेले रूट शोधून परत बसवायची रीत

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगच्या आवारात लागल्या की ऑफिसच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला लिनक्सचा डबा एकदम महत्त्वाचा होतो. काट्याचं वजन त्याच्यावर येतं, बिल त्याच्यातून निघतं, कॅमेरे त्याच्यावर दिसतात आणि नागपूरच्या ऑफिसला हिशेबही त्याच्याच वाटेने जातो. नेमकं त्याच दिवसांत नेट बंद पडतं आणि विचारलं तर उत्तर येतं, “म्या काईच नाई केलं भाऊ, थे डबल दिसत होतं म्हून काढून टाकलं.” हे ‘डबल’ म्हणजे बहुतेक वेळा एखादा ब्रिज (कार्ड आणि व्हर्च्युअल मशीन जोडणारा सॉफ्टवेअरचा स्विच), व्हीपीएनचा टनेल (दूरच्या ऑफिसपर्यंतची खाजगी वाट) किंवा कार्डावर चढवलेला जादा आयपी पत्ता असतो.

असं काही काढल्यावर कोणते रूट (कोणत्या पत्त्याची पॅकेटं कोणत्या वाटेने जातील ते सांगणाऱ्या ओळी) गेले ते कसं ओळखायचं, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायच्या आत ते तात्पुरते कसे लावायचे आणि रीबूटनंतरही राहतील असे कसे लिहून ठेवायचे, ते इथे क्रमाने दिलं आहे. तालुक्याच्या गावी जिनिंग, सोसायटी, अभ्यासिका, आपले सरकार सेवा केंद्र अशी ठिकाणं एकट्याने सांभाळणारी बरीच मंडळी विदर्भात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. नागपूरहून माणूस येईपर्यंत हंगामातला दिवस बुडतो.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा, आणि बदल करणाऱ्या कमांडच्या आधी सुडो (मालकाचे अधिकार देणारा शब्द) लावा.

समोर ठेवायचं जाळं

उदाहरणासाठी असा डबा धरू. त्यात दोन नेटवर्क कार्डं आहेत. इथ० हे फायबरच्या राउटरकडे जातं, राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. इथ१ हे काट्याच्या केबिनकडे आणि कॅमेऱ्यांकडे जातं, त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१. जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून डब्यात एक व्हर्च्युअल मशीन आहे आणि त्याच्यासाठी इथ० वर बीआर० नावाचा ब्रिज बांधलाय. डब्याचा १९२.१६८.१.१० हा पत्ता या ब्रिजवर आहे, इथ० वर काहीच नाही. सरकीच्या गोदामात वायरलेसने जोडलेलं वेगळं जाळं आहे, १९२.१६८.२०.०/२४, आणि तिकडे जायची वाट १९२.१६८.१०.२ मधून आहे. नागपूरच्या ऑफिसशी वायरगार्डचा टनेल आहे, त्याचं नाव डब्ल्यूजी०. (आजकालच्या मशीनवर कार्डांची नावं इएनपी२एस० अशा थाटाची असतात. आपण सोपी नावं ठेवू.)

सगळं ठीक असताना ‘आयपी रूट’ ही कमांड साधारण असं दाखवेल:

डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह बीआर० प्रोटो स्टॅटिक
१०.८.०.०/२४ डेव्ह डब्ल्यूजी० प्रोटो कर्नल
१९२.१६८.१.०/२४ डेव्ह बीआर० प्रोटो कर्नल
१९२.१६८.१०.०/२४ डेव्ह इथ१ प्रोटो कर्नल
१९२.१६८.२०.०/२४ व्हाया १९२.१६८.१०.२ डेव्ह इथ१
१९२.१६८.५०.०/२४ डेव्ह डब्ल्यूजी०

यात ‘डेव्ह’ म्हणजे कोणत्या कार्डातून जायचं, ‘व्हाया’ म्हणजे पुढचा थांबा (गेटवे), ‘डिफॉल्ट’ म्हणजे ज्याची वेगळी ओळ नाही त्या सगळ्यांची वाट, आणि ‘/२४’ म्हणजे शेवटचा आकडा सोडून बाकी पत्ता सारखा असलेलं जाळं. बहुतेकांची नजर पत्त्यावर जाते. मी आधी ‘प्रोटो’ पाहतो. सातबाऱ्यावरच्या नोंदीला जसा फेरफार क्रमांक असतो, तशी प्रोटो म्हणजे ही ओळ कोणी घातली त्याची खूण. ‘प्रोटो कर्नल’ म्हणजे कार्डाला पत्ता दिला तेव्हा कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) आपणहून घातलेली ओळ. ‘प्रोटो डीएचसीपी’ म्हणजे राउटरने पत्ता देताना सांगितलेली. ‘प्रोटो स्टॅटिक’ म्हणजे नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामने आपल्या फाइलमधून वाचून घातलेली. आणि जिथे प्रोटोच दिसत नाही, ती ओळ कोणीतरी हाताने किंवा एखाद्या स्क्रिप्टने घातलेली असते. हाताने घातलेल्या ओळीवर ‘बूट’ अशी खूण असते आणि ‘आयपी रूट’ ती एरवी दाखवतच नाही.

रूट हरवल्यावर तो कोण परत आणणार, याचं उत्तर याच खुणेत आहे. वरच्या यादीत गोदामाची आणि नागपूरची (१९२.१६८.५०.०/२४) ओळ बिनखुणेची आहे. नागपूरची ओळ टनेल उभा करणारी स्क्रिप्ट घालते. गोदामाची गेली तर तिचा धनी कोणी नाही.

कर्नल काय नेतं आणि काय परत देतं

इंटरफेस (ब्रिज, टनेल यासारखं नेटवर्कचं टोक) डिलीट केला की त्याच्यावर टेकलेले सगळे रूट कर्नल त्याच क्षणी काढून टाकतं. फक्त मुख्य टेबलातलेच (रूटच्या मुख्य यादीतलेच) नाही, बाकीच्या टेबलांतलेही. सूचना नाही, एरर नाही. बीआर० गेला की त्याच्यासोबत डिफॉल्ट जातो आणि डब्याचा पत्ताही जातो, कारण पत्ता ब्रिजवर होता. इथ० मोकळं होतं, पण मोकळं म्हणजे रिकामं.

इंटरफेस डिलीट न करता नुसता डाउन करून पुन्हा अप केला तर? इथेच पुष्कळ जण फसतात. आयपीव्ही४ मध्ये डाउन केल्यावर त्या इंटरफेसचे रूट जातात, पत्ता मात्र राहतो. अप केल्यावर पत्त्यामुळे येणारी ‘प्रोटो कर्नल’वाली ओळ परत येते, बाकीची येत नाही. म्हणजे इथ१ एकदा डाउन-अप केलं की काटा चालू होतो आणि गोदाम बंदच राहतं. मग दोष गोदामातल्या वायरलेसवर जातो आणि कोणीतरी शिडी घेऊन टिनावर चढतं. आयपीव्ही६ मध्ये तर डाउन करताना हाताने दिलेला पत्ताही जातो, जर ‘कीप ॲड्र ऑन डाउन’ ही सेटिंग चालू नसेल.

पत्ता काढण्याचा हिशेब वेगळा आहे. इंटरफेसवरचा शेवटचा पत्ता काढला तर कर्नल त्याच्यावरचे सगळे आयपीव्ही४ रूट काढतं. दोनपैकी एक काढला तर त्या पत्त्याच्या जाळ्याची ओळ जाते, आणि ज्या रूटमध्ये ‘एसआरसी’ (पॅकेटवर लावायचा आपला पत्ता) म्हणून तो पत्ता लिहिलाय ते जातात. पण ज्या रूटचा गेटवे त्या जाळ्यातला होता, तो रूट यादीत तसाच राहू शकतो. गेटवे आवाक्यात आहे की नाही हे कर्नल रूट घालताना तपासतं, नंतर पुन्हा तपासत बसत नाही. ओळ दिसते, पण पॅकेट पोचेल याचा भरवसा नाही.

लाइन जाण्याचाही याच्याशी संबंध आहे. डबा यूपीएसवर असतो आणि स्विच नसतो, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. लाइन गेली की डब्याच्या दृष्टीने तार निघाली. नुसतं कर्नल असेल तर ते रूट काढत नाही, त्यांच्यापुढे ‘लिंकडाउन’ असं लिहून ठेवतं. पण नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी तार गेलेली पाहून पत्ता काढून घेऊ शकतात, आणि शेवटचा पत्ता गेला की वरचा नियम लागू होतो. लाइन आल्यावर ते आपल्या फाइलमधलं सगळं परत घालतात. हाताने घातलेली ओळ त्यांच्या फाइलमध्ये नसते. “दर वेळी लाइन गेली की गोदामाचं नेट जाते” या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

पहिली पायरी: हात लावायच्या आधी लिहून घ्या

रीबूट करायचा मोह आवरा. रीबूटने कधी सगळं जागेवर येतं, कधी अर्धंच येतं, आणि काय गेलं होतं ते कळायचा पुरावा जातो. शिवाय हाताने घातलेल्या ज्या ओळी अजून शाबूत आहेत त्याही रीबूटमध्ये जातात. आधी या कमांड चालवून त्यांचं उत्तर एका फाइलमध्ये टाका, नाहीतर मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा:

आयपी -बीआर लिंक
आयपी -बीआर ॲड्र
आयपी रूट शो टेबल ऑल
आयपी रूल
जर्नलसीटीएल -के --सिन्स "१ अवर अगो"

पहिल्या कमांडमधला ‘-बीआर’ हा ब्रीफ म्हणजे थोडक्यातचा आहे, आपल्या ब्रिजचा नाही. शेवटच्या कमांडमध्ये कर्नलची डायरी दिसते. ब्रिज काढला असेल तर तिथे बीआर० च्या पोर्टने ‘डिसेबल्ड स्टेट’ घेतल्याची आणि इथ० ने ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ सोडल्याची नोंद वेळेसकट सापडते. कोणी काय केलं यावर ऑफिसात वाद घालण्यापेक्षा ही वेळ पाहिली तर लवकर उलगडा होतो.

‘आयपी रूल’ (कोणत्या पॅकेटसाठी कोणतं टेबल पाहायचं त्याचे नियम) पाहायला विसरू नका. इंटरफेसचं नाव घेऊन लिहिलेला नियम इंटरफेस गेल्यावरही राहतो आणि त्याच्यापुढे ‘डिटॅच्ड’ असा शब्द दिसतो. हरवलेल्या इंटरफेसचं नाव आठवत नसेल तर इथे सापडून जातं.

दुसरी पायरी: रूटच गेलाय का, ते ठरवा

“नेट गेलं” या दोन शब्दांत तीन वेगळे आजार असतात. तीन पिंग करा: आधी राउटरला म्हणजे १९२.१६८.१.१ ला, मग ८.८.८.८ ला (हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटच्या नावाला.

राउटर लागतो आणि ८.८.८.८ ला ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ येतं, तर डिफॉल्ट रूट गेलाय. राउटरलाच ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ येत असेल तर पत्ताही गेलाय. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हे आपल्याच डब्याच्या पत्त्यावरून येत असेल तर रूट आहे, पण समोरचा एआरपीला (त्याच जाळ्यात ‘हा पत्ता कोणाचा’ या हाकेला) उत्तर देत नाही. तार पाहा, स्विच पाहा, रूट चुकीच्या कार्डाकडे तर दाखवत नाही ना ते पाहा. आणि ८.८.८.८ लागतो पण नावाने काही उघडत नाही, तर रूटचा संबंधच नाही, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) गेलंय. व्हीपीएन आडवाटेने काढल्यावर हे हमखास होतं, त्याबद्दल पुढे येईल.

एक चकवा सांगून ठेवतो. काही साइट धडाधड उघडतात आणि काही अजिबात नाही, असं असेल तर आयपीव्ही४ चा डिफॉल्ट गेलाय आणि आयपीव्ही६ चा शाबूत आहे असा संशय घ्या. आयपीव्ही६ चा पत्ता आणि डिफॉल्ट राउटरच्या जाहिरातीवरून आपोआप येऊ शकतात, त्यामुळे अर्धं नेट चालू दिसतं. ‘आयपी -६ रूट’ पाहिलं की कळतं.

सगळ्यात कामाची कमांड मात्र ही:

आयपी रूट गेट १९२.१६८.५०.५

यादी वाचून अंदाज बांधायची गरज उरत नाही. या पत्त्यासाठी पॅकेट कोणत्या कार्डातून, कोणत्या गेटवेने आणि कोणता पत्ता लावून जाईल ते कर्नल स्वतः सांगतं. टनेल गेला असेल तर नागपूरच्या ऑफिसचा पत्ता विचारल्यावर उत्तरात फायबरचा राउटर येतो. म्हणजे नागपूरच्या खाजगी जाळ्याची पॅकेटं सरळ इंटरनेटकडे निघाली आहेत, आणि तिकडे त्यांना कोणी विचारत नाही. रूट हरवल्यावर एरर यायलाच हवी असं नसतं, कारण डिफॉल्ट सगळ्यांना पोटात घेतो.

तिसरी पायरी: काय काढलं त्याप्रमाणे इलाज

ब्रिज

ब्रिज काढला असेल तर आधी पाहा, तो कोणत्या फाइलमध्ये लिहिलेला होता. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्याचं प्रोफाइल शिल्लक असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप बीआर०’ एवढ्याने ब्रिज, पत्ता आणि डिफॉल्ट तिन्ही परत येतात. इथ० ब्रिजला जोडलेलं दिसलं नाही तर त्याचं पोर्टाचं प्रोफाइलही तसंच अप करा. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनमध्ये (तिथल्या नेटवर्कच्या मांडणीच्या फाइलमध्ये) लिहिलं असेल तर ‘नेटप्लॅन अप्लाय’. हे दोन्ही करून पाहायला मिनिटभर लागतं, म्हणून हाताने बांधायला बसण्याआधी हेच करा.

फाइलमध्ये काहीच नसेल, म्हणजे ब्रिज कोणीतरी हाताने बांधून ठेवला होता, तर दोन रस्ते आहेत. काटा लगेच चालू करायचा असेल आणि व्हर्च्युअल मशीन तासभर बंद राहिलं तरी चालत असेल, तर पत्ता सरळ इथ० वर घ्या:

आयपी लिंक सेट इथ० अप
आयपी ॲड्र ॲड १९२.१६८.१.१०/२४ डेव्ह इथ०
आयपी रूट रिप्लेस डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह इथ०

क्रम हाच ठेवा. पत्ता द्यायच्या आधी डिफॉल्ट घालायला गेलात तर ‘नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे’ अशी एरर येते, कारण १९२.१६८.१.१ कुठे आहे हे कर्नलला अजून माहीतच नाही. ‘ॲड’ऐवजी ‘रिप्लेस’ वापरलं की तोच रूट आधीपासून असला तरी ‘फाइल एग्झिस्ट्स’ म्हणून कमांड अडत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे ब्रिज पुन्हा बांधणं. कमांड क्रमाने अशा:

आयपी लिंक ॲड बीआर० टाइप ब्रिज
आयपी लिंक सेट इथ० मास्टर बीआर०
आयपी ॲड्र फ्लश डेव्ह इथ०
आयपी लिंक सेट इथ० अप
आयपी लिंक सेट बीआर० अप
आयपी ॲड्र ॲड १९२.१६८.१.१०/२४ डेव्ह बीआर०
आयपी रूट रिप्लेस डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह बीआर०

व्हर्च्युअल मशीन चालू असेल तर त्याचं व्हीनेट० नावाचं टोक लोंबकळत असतं. त्यालाही ‘आयपी लिंक सेट व्हीनेट० मास्टर बीआर०’ करून जोडा.

पत्ता डीएचसीपीने येत असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. ब्रिजचा मॅक पत्ता (राउटर ज्यावरून मशीन ओळखतो तो क्रमांक) कार्डाच्या मॅक पत्त्याहून वेगळा असू शकतो. राउटरमध्ये १९२.१६८.१.१० हा पत्ता ब्रिजच्या मॅकवर बांधलेला असेल तर इथ० ला दुसराच पत्ता मिळतो. डब्यात नेट येतं, पण बाहेरून कॅमेरे पाहण्यासाठी राउटरमध्ये केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं.

व्हीपीएनचा टनेल

वायरगार्ड त्याच्याच ‘डब्ल्यूजी-क्विक’ या स्क्रिप्टने चालू केला असेल तर तो ‘डब्ल्यूजी-क्विक डाउन डब्ल्यूजी०’नेच काढायचा. ‘आयपी लिंक डिलीट’ने काढला तर रूट जातात, पण सगळी रहदारी टनेलमधून नेणारी मांडणी असेल तर तिचे ‘आयपी रूल’मधले नियम मागे राहतात. टेबल रिकामं झाल्यामुळे ते सहसा त्रास देत नाहीत. त्रास देतं ते डीएनएस: टनेलच्या पलीकडचा डीएनएस सर्व्हर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये तसाच राहू शकतो, आणि मग पत्त्याने सगळं लागतं, नावाने काहीच नाही. त्या टेबलात कोणी ‘ब्लॅकहोल डिफॉल्ट’ (सगळी पॅकेटं गिळून टाकणारा रूट) घालून ठेवलेला असेल तर तोही इंटरफेसबरोबर जात नाही, कारण तो कोणत्याच इंटरफेसवर टेकलेला नसतो. तिथे मात्र सगळंच नेट अडतं.

परत लावताना ध्यानात ठेवायचं ते हे. वायरगार्डच्या फाइलमध्ये ‘अलाउड आयपीज’ (टनेलमधून जाऊ द्यायचे पत्ते) यात १९२.१६८.५०.०/२४ लिहिलं म्हणजे रूट आला असं नाही. त्या यादीवरून रूट घालायचं काम डब्ल्यूजी-क्विक करतं, वायरगार्ड स्वतः करत नाही. टनेल हाताने उभा केलात तर हँडशेक होईल, ‘डब्ल्यूजी’ कमांड सगळं आलबेल दाखवेल आणि नागपूर लागणार नाही. तेव्हा:

आयपी रूट ॲड १९२.१६८.५०.०/२४ डेव्ह डब्ल्यूजी०

ओपनव्हीपीएनचं थोडक्यात. सर्व रहदारी टनेलमधून न्यायची असेल तर सेटिंगमध्ये ‘रिडायरेक्ट-गेटवे डेफ१’ ठेवा. डेफ१ मुळे मूळ डिफॉल्टला हात न लावता ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन अर्धे रूट टनेलवर टाकले जातात. टनेल कसाही मेला तरी ते दोन जातात आणि मूळ डिफॉल्ट जागेवर असतो. डेफ१ नसेल तर मूळ डिफॉल्ट काढून ठेवला जातो आणि बंद होताना परत घातला जातो. पण प्रोसेस ‘किल -९’ने मारली तर परत घालायला कोणी उरत नाही.

जादा पत्ता किंवा उपनाव

इथ१:१ असं नाव दिसलं की लोकांना तो वेगळा इंटरफेस वाटतो. तो नसतो, इथ१ वरच्या एका पत्त्यावर डकवलेली ती नुसती चिठ्ठी असते. नवीन कॅमेरा कारखान्याच्या पत्त्यावर येतो, त्याला गाठायला एक पत्ता चढवला जातो, आणि काम झाल्यावर काढला जातो. पत्ता वेगळ्या जाळ्यातला असेल तर फारसं काही बिघडत नाही.

एकाच जाळ्यातले दोन पत्ते असतील तर जपा. त्यातला आधी घातलेला मुख्य असतो आणि नंतरचा दुय्यम. मुख्य काढला तर दुय्यमही जातो. मग शेवटचा पत्ताही गेला म्हणून इथ१ वरचे सगळे रूट जातात, गोदामासकट. ‘आयपी ॲड्र’मध्ये ज्याच्यापुढे ‘सेकंडरी’ लिहिलंय तो दुय्यम. ‘प्रमोट सेकंडरीज’ ही कर्नलची सेटिंग १ असेल तर मुख्य गेल्यावर दुय्यमाला बढती मिळते. सिस्टमडी असलेल्या नव्या डिस्ट्रोंवर ती बहुधा चालू असते, तरी तपासलेलं बरं:

सिससीटीएल नेट.आयपीव्ही४.कॉन्फ.ऑल.प्रमोट_सेकंडरीज

बाकीचे

व्हीलॅन (एकाच तारेवर चालवलेलं वेगळं जाळं) मूळ कार्डावर उभं असतं. इथ१ डाउन झालं की इथ१.२० ही डाउन होतं, आणि अप झाल्यावर डाउन-अपचाच नियम लागतो. डॉकरचं (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाचं) नेटवर्क काढल्याने नेट जात नाही, उलट कधी येतं: डॉकर १७२.१७.०.०/१६ आणि पुढची जाळी घेत जातो, आणि दूरच्या ऑफिसचं जाळं त्याच पट्ट्यात असेल तर ते झाकलं जातं. विंडोजवर ‘रूट प्रिंट’ करा. ‘-पी’ लावून घातलेले रूट खालच्या पर्सिस्टंट यादीत राहतात, पण गेटवे आवाक्यात नसेल तर वरच्या चालू यादीत दिसत नाहीत. दोन्ही याद्या जुळवल्या की काय गेलं ते कळतं.

चौथी पायरी: डब्यात नेट आलं, काट्यावर नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. डब्यावरून ८.८.८.८ लागतोय, काट्याच्या पीसीवर मात्र काही नाही. रूट बरोबर आहेत. अडतं ते फायरवॉलमध्ये, कारण तिथले नियम इंटरफेसच्या नावाने लिहिलेले असतात. ‘बीआर० मधून बाहेर जाणाऱ्याला मास्करेड कर’ (म्हणजे त्याच्यावर डब्याचा पत्ता लाव) असा नियम होता आणि आता रहदारी इथ० मधून जातेय. नियम जागेवर आहे, त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नाही.

आयपीटेबल्स -टी नॅट -एस

(इथला शेवटचा ‘एस’ मात्र मोठ्या अक्षरात टाइप करा.) यात बीआर० शोधा आणि तात्पुरता तसाच नियम इथ० साठी घाला. एनएफटीमध्ये (फायरवॉलच्या नव्या साधनात) आणखी एक खाच आहे: ‘ओआयएफ’ने लिहिलेला नियम इंटरफेसचा अंतर्गत क्रमांक धरून ठेवतो. ब्रिज त्याच नावाने पुन्हा बांधला तरी क्रमांक नवा असतो, म्हणून जुना नियम लागू होत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या व्हर्च्युअल इंटरफेससाठी ‘ओआयएफनेम’च वापरावं.

नावाने बांधलेल्या इतर गोष्टीही बघा: डीएनएसमास्कच्या (आतल्या मशीनना पत्ते आणि डीएनएस देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमधली ‘इंटरफेस’ची ओळ, व्हर्च्युअल मशीनच्या व्याख्येतलं ब्रिजचं नाव, एखाद्या मॉनिटरिंग स्क्रिप्टमधलं कार्डाचं नाव. ‘ग्रेप -आर बीआर० /ईटीसी’ चालवलं तर बहुतेक सापडतात.

पाचवी पायरी: धनी नसलेल्या ओळींना धनी द्या

हाताने लावलेलं सगळं पुढच्या रीबूटला जाणार. काटा चालू झाला की गोदामाचा रूट ज्याच्या ताब्यात इथ१ आहे त्याच्या फाइलमध्ये लिहा. नेटवर्कमॅनेजर असेल आणि प्रोफाइलचं नाव ‘काटा’ असेल तर:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय काटा +आयपीव्ही४.रूट्स "१९२.१६८.२०.०/२४ १९२.१६८.१०.२"
एनएमसीएलआय डिव्हाइस रीअप्लाय इथ१

अधिकचं चिन्ह विसरलात तर प्रोफाइलमधले जुने रूट पुसून हा एकच राहतो. नेटप्लॅनमध्ये इथ१ च्या खाली ‘रूट्स’ची यादी करून त्यात ‘टू’ आणि ‘व्हाया’ भरा. डिफॉल्टही तिथेच लिहा, जुना ‘गेटवे४’ आता बाद धरला जातो. नंतर ‘आयपी रूट’ पाहा. गोदामाच्या ओळीपुढे ‘प्रोटो स्टॅटिक’ आलं म्हणजे तिला धनी मिळाला.

आरसी डॉट लोकल नावाच्या फाइलमध्ये कमांड टाकून मोकळं व्हायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. मला ती पटत नाही. ती फक्त बूट होताना चालते, आणि आपल्याकडे तार दिवसातून कितीदा जाते-येते ते सांगायला नको. सिस्टमडी-नेटवर्कडी तर मूळ सेटिंगप्रमाणे आपल्या फाइलमध्ये नसलेले परके रूट स्वतःहून काढूही शकतं. ‘मॅनेज फॉरेन रूट्स’ ही सेटिंग त्यासाठी आहे, पण ती बंद करण्यापेक्षा रूट फाइलमध्ये लिहिणं सोपं.

काढायचंच असेल तेव्हा, आणि तेही दुरून

इंटरफेस खरंच नको असेल तर काढण्याआधी त्याच्यावर काय टेकलंय ते विचारा:

आयपी रूट शो टेबल ऑल डेव्ह बीआर०
आयपी लिंक शो मास्टर बीआर०
आयपी -डी लिंक शो बीआर०

पहिल्यात रूट दिसतात, दुसऱ्यात त्याला जोडलेली कार्डं, तिसऱ्यात तो नेमका कोणत्या जातीचा आहे ते. पहिलीचं उत्तर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. ‘आयपी रूट सेव्ह’ नावाची कमांडही आहे, पण तिची फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही आणि तिच्यात इंटरफेस क्रमांकाने लिहिलेला असतो. इंटरफेस नव्याने बांधला की क्रमांक बदलतो आणि ‘रिस्टोर’ अडतं.

घरून किंवा दुसऱ्या गावाहून एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडून) बसला असाल तर आधी पाहा, तुमचं स्वतःचं कनेक्शन कोणत्या इंटरफेसवरून आत आलंय. तोच काढायचा असेल तर पहिल्या कमांडला फास लागतो आणि पुढच्या कमांड टाइप करायला तुम्ही उरत नाही. सगळ्या कमांड एका स्क्रिप्टमध्ये लिहून टीमक्समध्ये (डब्यातच चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी स्क्रिप्ट पुरी होते. आणि सुरू करायच्या आधी सुटकेची वाट ठेवा:

शटडाउन -आर +१०

दहा मिनिटांत तुम्ही परत आत येऊ शकला नाहीत तर डबा रीबूट होऊन जुन्या फाइलप्रमाणे उठेल. आत आलात तर ‘शटडाउन -सी’ने ते रद्द करा. ही युक्ती फाइल बदललेली नसेल तोपर्यंतच चालते, म्हणून आधी चालू स्थितीत बदल करून पाहा, फाइल शेवटी लिहा. नेटप्लॅनवर ‘नेटप्लॅन ट्राय’ आहे. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं, पण ब्रिजच्या खास सेटिंग बदलल्या असतील तर ते मागे फिरू शकत नाही. ब्रिजच्या कामाला शटडाउनवरच भिस्त ठेवा.

राउटर म्हणून मायक्रोटिक असेल तर टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबून सेफ मोड चालू करा. कनेक्शन तुटलं तर त्यानंतरचे बदल आपोआप उलटतात. मायक्रोटिकचा स्वभावही लिनक्सहून निराळा आहे. गेटवे आवाक्याबाहेर गेला तर हाताने घातलेला रूट पुसला जात नाही, निष्क्रिय होऊन यादीत राहतो. इंटरफेस डिलीट केला तर त्याच्या जागी ‘अननोन’ किंवा चांदणी लावलेला क्रमांक दिसतो. पीपीपीओई (नाव-पासवर्डने फायबरचं नेट जोडणाऱ्या) क्लायंटने स्वतः घातलेला डिफॉल्ट मात्र क्लायंटबरोबर जातो.

सगळं झाल्यावर एकदा रीबूट करून पाहा, पण जेवणाच्या सुट्टीत, काट्यावर गाडी उभी नसताना. डबा उठला की राउटर, ८.८.८.८, काटा, गोदाम आणि नागपूर या पाचही ठिकाणांसाठी ‘आयपी रूट गेट’ चालवा आणि प्रत्येक उत्तरातलं कार्डाचं नाव पाहा. मग स्विचचा प्लग काढून मिनिटभराने परत लावा आणि तेच पाच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही वेळा उत्तरं सारखी आली तर ती मजकुराच्या फाइलमध्ये तारखेसकट ठेवा आणि तिची छापील प्रत डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून द्या.